म्हातारीच्या घशात काय गेलं?

रविवारी सकाळी अल्विन पॉकलीनं लोकरीची टोपी कानांवरून खाली ओढली, आरशासमोर मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि स्वयंपाकघरात येऊन बायकोसमोर उभा राहिला.

"दिसतंय का?"

"मशीन? नाही दिसत," म्युरिएल विमानतळावरच्या आपल्या चहाच्या स्टॉलसाठी प्लम ब्रेडचे काप करता करता म्हणाली. "दिसतोय तो एकोणऐंशी वर्षांचा चोर. अरे, ऐकू येण्याचं मशीन आहे ते, चोरीचा माल नव्हे! सांगून टाक की एकदा त्या लोकांना."

"सांगू? आणि हेडसेट जाऊ देऊ? आजच्या दिवशी?"

आजचा दिवस म्हणजे म्हातारीचा शेवटचा दिवस. म्हातारी म्हणजे इंग्लंडात, लिंकनशरमधल्या त्यांच्या गावाबाहेर, जुन्या विमानतळावर उभं असलेलं व्हल्कन बॉम्बर विमान. तरुणपणी अल्विन हवाई दलात होता तेव्हा त्यानं तिची देखभाल केली होती, आणि म्हातारपणी हौशी मंडळींच्या संस्थेत शिरून पुन्हा तिचीच देखभाल चालवली होती. ती आता उडत नसे. पण वर्षातून एकदा चारही इंजिनं चालू करून तिला धावपट्टीवर पळवत, आणि पूर्ण जोर दिला की ती गायची. दुसरा शब्दच नाही. आधी घशातल्या घशात एक घुमारा, मग चढत चढत असा काही लांबलचक हंबरडा, की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. अल्विन वर्षभर त्या दहा सेकंदांसाठी जगायचा. आणि आता धावपट्टी विकली गेली होती. सोमवारी तिथे गोदामांसाठी खणायला सुरुवात होणार होती, आणि म्हातारी फाटकाशी पुतळा होऊन उभी राहणार होती.

"त्या बयेनंच तुझे कान खाल्ले," म्युरिएल म्हणाली. "आणि माझी झोपही. हवाई तळावरच्या त्या घरात पोरीला दोन तास थोपटून झोपवावं, की ही गायलीच! पोर ताठ उठून बसायची. ते दिवस मी नाही विसरणार."

"गायची मात्र काय!" अल्विन म्हणाला.

म्युरिएलनं सुरी जरा जास्तच जोरात चालवली.

हेडसेटचं प्रकरण असं होतं. इंजिनं सुरू होताना एक माणूस जमिनीवर उभा राहून लांब वायरच्या हेडसेटवरून कॅप्टनशी बोलतो. गेली पंधरा वर्षं तो मान अल्विनचा होता. 'हेडसेट ज्याला ठणठणीत ऐकू येतं त्यालाच द्यावा' असा नियम संस्थेनं केला होता, आणि तो सुचवला होता खुद्द अल्विननं, ऐकू येत होतं त्या काळात. पुढे डावा कान गेला, उजवा मशीनवर आला, आणि तेव्हापासून ही टोपी. जूनमध्येसुद्धा.

विमानतळावर कुंपणाबाहेर सकाळपासून ही गर्दी! शिड्या, दुर्बिणी, हातभर लांबीचे कॅमेरे. विमानांचे नंबर टिपत फिरणाऱ्या एका वहीवाल्यानं अल्विनला अडवून मोठ्या आवाजात ऐकवलं, "आजोबा, सदुसष्टच्या जानेवारीत हिचं तीन नंबरचं इंजिन बदललं होतं, तुम्हाला कल्पना नसेल."

"हो का?" अल्विन म्हणाला. ते इंजिन त्यानंच बदललं होतं. बर्फ पडत होतं, बोटं पान्याला चिकटत होती, आणि आज संस्थेतही सोबत असलेला नेव्हिल ट्रँटर दातांत बॅटरी धरून घाणेरडी गाणी म्हणत होता. दातांत बॅटरी धरून गाणं कसं म्हणतात हे नेव्हिललाच ठाऊक. तेव्हा दोघंही वीस-बावीसचे होते आणि थंडीला शिव्या देत होते. आता त्या थंडीसाठी अल्विननं काय वाटेल ते दिलं असतं.

दोन वाजता इंजिनं सुरू व्हायची होती. त्याआधी म्हातारीच्या तोंडात शिरून तपासणी करायची. पंखाच्या मुळाशी हवा आत ओढणारं भलंमोठं तोंड असतं. त्यातून माणूस रांगत थेट इंजिनापर्यंत जातो आणि आत एखादा स्क्रू, खडा, काही पडलंय का ते पाहतो. कारण इंजिन जे समोर येईल ते गिळतं, आणि साधं बटण गिळलं तरी आतली पाती भुईसपाट. तसली इंजिनं आता जगात कोणी बनवत नाही. म्हणून आत जाणाऱ्यानं खिसे ट्रेमध्ये रिकामे करायचे आणि रॉडनी स्टब्सनं वहीत लिहून घ्यायचं. रॉडनीनं आख्खी नोकरी हवाई दलाच्या भांडारात पाने मोजण्यात काढली होती आणि पेन्शनीत आल्यावर त्याला मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो या ट्रेवर जीव टाकायचा.

"घड्याळ एक," रॉडनी म्हणाला. "अंगठी एक. रुमाल एक. आणखी?"

अल्विननं पाठ फिरवली, टोपी काढली, तोंडात एक पेपरमिंट टाकलं, बिनखिशाचा अंगरखा डोक्यावरून चढवला, त्याची टोपी घट्ट बांधली आणि डबी ट्रेमध्ये ठेवली.

"पेपरमिंटची डबी एक. लोकरीची टोपी एक. जा."

आत गार होतं. तेलाचा तो जुना वास होता. अल्विन रांगत शेवटपर्यंत गेला, पात्यांवरून हात फिरवला, "शेवटचं बरं का, बाई," असं पुटपुटला आणि जड मनानं उलटा रांगत बाहेर आला.

बाहेर जग मुकं झालं होतं.

रॉडनीचे ओठ हलत होते. अल्विनला वाटलं, मशीनची बॅटरी गेली. तो आडोशाला गेला, अंगरख्याच्या टोपीत बोट घातलं. कान रिकामा! त्यानं टोपी उलटी करून झटकली, मान झटकली, अंगरखा झटकला. काही नाही. म्हणजे मशीन आत पडलं, म्हातारीच्या घशात!

सांगावं, तर हेडसेट गेला, आणि शोधाशोधीत आजचा दिवसही जायचा. पाचनंतर इंजिनं चालवायला परवानगी नव्हती. न सांगावं, तर... ते 'तर' त्याला मनातसुद्धा पुरं करवेना. शेवटी तो रॉडनीपाशी आला आणि अंदाजानं आवाज लावून म्हणाला, "एक रिव्हेट ढिला वाटतो. परत बघून येतो."

परत रांगला. इंच इंच चाचपलं. नाही. तिसऱ्यांदा गेला. चौथ्यांदा. कुंपणाबाहेर वहीवाल्यानं लोकांना छातीठोकपणे सांगितलं की इंधनाचा पंप अडकलाय, सदुसष्टलाही अडकला होता. तीन वाजून गेले. चौथ्यांदा बाहेर आल्यावर रॉडनीनं तोंडाशी तोंड आणून काहीतरी विचारलं. अल्विननं मान डोलावली. रॉडनीनं आणखी काही विचारलं. अल्विननं आणखी डोलावली. ऐकू न येणाऱ्या माणसाला मान डोलावण्याची सवय किती वाईट लागते, ते त्याला पुढच्या मिनिटाला कळलं.

नेव्हिल इंजिनं सुरू करायला वीज पुरवणारी गाडी घेऊन विमानाच्या पोटाखाली चालला होता. कुंपणाबाहेर सगळे कॅमेरे एकदम वर गेले होते. वर काचेआडून कॅप्टन फार्कर अंगठा दाखवत होता. रॉडनीनं विचारलं होतं, "झालं? करायचं सुरू?"

अल्विन धावला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस धावेल तसा धावला, थेट म्हातारीच्या नाकासमोर, आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून उभा राहिला. थांबा! सगळं थांबलं. रॉडनी आणि नेव्हिल धापा टाकत आले. रॉडनीचे ओठ पुन्हा हलू लागले.

"मोठ्यानं बोल," अल्विन म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

बारा वर्षांत चारचौघांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. पुढचं मग आपोआप आलं. "माझं कानातलं मशीन आत पडलंय. मी लपवलं होतं. हेडसेट जाईल म्हणून लपवलं होतं. शिव्या घाला, काय करायचं ते करा, पण तिला सुरू करू नका."

रॉडनीनं सावकाश स्वतःची टोपी काढली. त्याच्या दोन्ही कानांत मशिनं होती.

"वहीत नाही लिहिली ती," तो खालमानेनं ओरडला. "मीसुद्धा."

"म्हणजे काय!" नेव्हिल म्हणाला. "आणि मी हे केस काय फॅशन म्हणून वाढवलेत?" त्यानं पांढऱ्या झुलपा मागे सारल्या. तिथेही एक होतं.

"गाढवांनो," अल्विनला हसू आवरेना, "मग मी उन्हाळाभर लोकर घालून का शिजत होतो?"

पण हसायला वेळ नव्हता. तिघं तीन बॅटऱ्या घेऊन घशात शिरले. साडेतीन झाले, चार वाजले, सव्वाचार. कॅप्टन वरून ओरडत होता, ते एकालाही ऐकू येत नव्हतं. शेवटी त्याचं ओरडणं ऐकून म्युरिएलच चहाचा स्टॉल सोडून, किटली घेऊन तरातरा आली. तिघं ट्रेभोवती फतकल मारून बसले होते. घसा सुकलेल्या नेव्हिलनं अल्विनची डबी उघडली आणि म्हातारीकडे बघत बघत एक गोळी तोंडात टाकली.

"ही शिट्टी कसली वाजतेय?" म्युरिएलनं विचारलं. नवऱ्यामुळे तिला नेहमीच खणखणीत बोलायची सवय होती.

"कसली शिट्टी?" तिघंही म्हणाले.

"अरे, चांगली कुईंऽऽ करून वाजतेय! कुठून बरं..." ती कानोसा घेत वाकली आणि थबकली. "नेव्हिल, तू वाजतोयस."

"मी?" नेव्हिल तोंडातल्या तोंडात म्हणाला. "पेपरमिंट खातोय. जरा चिवट आहे."

"थुंक आधी!"

नेव्हिलच्या तळहातावर अल्विनचं मशीन पडलं.

अल्विनला सगळं उमगलं. पाठ फिरवून त्यानं पेपरमिंट काढलं, तेव्हा त्याच्या हातानं त्याला न विचारताच कानातलं डबीत टाकलं होतं. आत जाण्याआधी अंगावरची वस्तू काढायची, हे त्या हाताला विसाव्या वर्षी शिकवलं होतं आणि तो हात अजून हवाई दलातच होता. चालू मशीन कानाबाहेर राहिलं की शिट्टी मारतं, तसं ते दुपारभर डबीत शिट्ट्या मारत पडलं होतं, पण ऐकणार कोण? ज्याला त्याला स्वतःच्या कानाची लाज.

साडेचार वाजले होते. रॉडनीनं नियमाप्रमाणे पुन्हा तपासणी करायला लावली. पावणेपाच. मशीन नेव्हिलच्या लाळेनं कायमचं गप्प झालं होतं. रॉडनी हेडसेट हातात घेऊन उभा होता.

"ठणठणीत ऐकू येणाऱ्यालाच, असा नियम आहे," तो ओरडून म्हणाला. "तुझाच."

"माहीत आहे."

"आपल्यात तसं एकच माणूस आहे," रॉडनी म्हणाला आणि त्यानं हेडसेट म्युरिएलच्या डोक्यावर चढवला.

"मी?" म्युरिएल किंचाळली. "मला काय कळतं त्यातलं?"

"पन्नास वर्षं झोपेत बडबडतोय मी," अल्विन म्हणाला. "तुला सगळं पाठ आहे."

आणि होतंच. किटली गवतात ठेवून ती उभी राहिली, समोर अल्विन. कॅप्टन सांगेल ते ती बोटांनी दाखवत होती आणि अल्विन हातांच्या खुणांनी नेव्हिलला, कॅप्टनला कामाला लावत होता. एक इंजिन सुरू झालं. मग दुसरं. जमीन पायांखाली थरथरू लागली. तिसरं, तेच ते, बर्फातलं. चौथं. अल्विनच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. आता ती वळेल, धावपट्टीवर जाईल, आणि मग गाईल.

म्युरिएलचा चेहरा उतरला. हेडसेटमध्ये कॅप्टन काहीतरी सांगत होता. "थोडा वेळ तरी!" असं म्हटल्यासारखे तिचे ओठ हलले. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पाची बोटं वर केली, आणि तो हात गळ्यावरून आडवा फिरवला.

पाच वाजले होते.

एकेक करून चारही इंजिनं निमाली. म्हातारी जागची हलली नाही, गायली नाही. कुंपणाबाहेर लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. अल्विन तिच्या पुढच्या चाकाशी गेला, दोन थापटा मारल्या, आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी म्युरिएल चालवत होती. फाटकाशी शिड्या गुंडाळणाऱ्यांची गर्दी होती, म्हणून तिला थांबावं लागलं.

"चूक माझीच," अल्विन म्हणाला. "एक डबी उघडून पाहिली असती, तर गायली असती ती. एकदा ऐकायचं होतं गं, बस्स."

म्युरिएलनं खिडकीची काच खाली केली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. आधी घशातल्या घशात एक घुमारा. मग चढत, चढत, मान मागे टाकून, तो आख्खा लांबलचक हंबरडा, शेवटच्या थरथरीसकट. एक सूर इकडचा तिकडे नाही. पोरीला मांडीवर घेऊन शेकडो वेळा ऐकलेला आवाज होता तो, आणि तिचे कान शाबूत होते.

फाटकावरच्या साऱ्या माना धावपट्टीकडे वळल्या. शिड्या धडाधड खाली पडल्या, कॅमेरे वर गेले. वहीवाला पेनाचं टोपण शोधत गोल गोल फिरू लागला.

म्युरिएल लालबुंद झाली. "झोपमोड करायची मेली," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आठवण येते रे."

अल्विननं तिच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."