सोफ्यापुरता स्टिरिओ

दुधरामभाऊ कार्यक्रमाआधी डाव्या कानात बोट घालून अख्खा मांडव फिरतो. नवख्या माणसाला वाटतं, हा आता तान मारणार. तान वगैरे काही नाही. स्टेजवर माईकसमोर कोणाला तरी बडबडत ठेवायचं आणि आपण उघड्या उजव्या कानाने ऐकत ऐकत बायकांच्या बाजूच्या शेवटच्या खांबापर्यंत जायचं. तिथे उकिडवं बसायचं. मग उठून हात वर करायचा. तो हात वर झाल्याशिवाय माझ्या साऊंड सर्व्हिसचा कार्यक्रम सुरू होत नाही. मालक मी आहे, हे इथेच सांगून ठेवतो. पुढे वाचताना गैरसमज नको.

अड्याळला माझं दुकान आहे. सुरुवात सायकलच्या कॅरिअरवर भोंगा बांधून केली, कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. दुधरामभाऊ कारध्याचा, तेव्हापासून माझ्याकडे ऑपरेटर. वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. तो मला भगवान म्हणतो आणि राग आला की शेठ म्हणतो. हल्ली शेठच जास्त झालं आहे.

त्याची भाषाच वेगळी. डावा स्पीकर म्हणजे बुढा आणि उजवा म्हणजे बुढी. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत तो ओरडला, "अरे, बुढी गेली!" आणि अर्धं वऱ्हाड नवरदेवाच्या आजीकडे धावलं. आजी लाडू खात होती. तिने त्याला जे सुनावलं ते माईकशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं. आवाजात एको टाकायला तो कधीच तयार होत नाही. "एको म्हणजे उष्टा आवाज," असं म्हणतो. "एकदा बोलला ना माणूस? मंग तोच घास पुन्हा कायले वाढता?"

आता माझं दुखणं सांगतो. नागपूरला जाऊन मी नवा स्टिरिओ मिक्सर आणला. दुकानदाराला दुपारभर असा पिळला की तो शेवटी हात जोडून म्हणाला, "सेठजी, दुकान भी आप ही रख लो." त्या मिक्सरवर प्रत्येक माईकचं एक बटन असतं. डावीकडे फिरवलं की त्या माईकचा आवाज डाव्या स्पीकरला, उजवीकडे फिरवलं की उजव्याला. मध्ये ठेवलं तर दोन्हीकडे सारखा, म्हणजे मोनो. माल दुकानात ठेवून मी जेवायला गेलो. परत येऊन बघतो, तर दुधरामभाऊने ती सगळी बटनं मध्ये आणून त्यांच्यावर लाल चिकटपट्टी मारलेली.

"भाऊ, हे का करून राहिले? स्टिरिओ आहे तो!"

"हाव. अन् पंगतीत तू एका बाजूले नुसता भात अन् दुसऱ्या बाजूले नुसतं वरण वाढते का?"

"इथं पंगत कुठून आली?"

"लोकं बसले का पंगतच असते, शेठ."

यावर माणसाने काय बोलावं? मी बोललो, भरपूर बोललो. पट्टी निघाली नाही. मोनोच काढायचा होता तर मी नागपूरला घसा कशाला कोरडा केला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, मिठाईची दुकानं, माहेरी आलेल्या लेकी, आणि मांडवात दंडार, म्हणजे ढोलकी, गाणी आणि सोंगांची सवाल-जवाबाची गंमत. कारध्यापासून जवळच्या एका गावची मंडई वर्षानुवर्षं माझी होती. एका वर्षी साकोलीकडच्या एकाने "आपला स्टिरिओ आहे" म्हणून ती पळवली. ती मला परत पाहिजे होती. दुसऱ्या वर्षी मंडई समितीचे अध्यक्ष म्हणाले, "भगवानभाऊ, यंदा स्टिरिओ असन तर बोला." मी बोललो.

मग दुधरामभाऊशी बोलणी. मी बाजारात बसतो तसाच बसलो.

"सगळे नका सोडू. नटांचे दोन माईक सोडा. एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकी तुमचे."

"नाई."

"बरं, पूर्ण नको. बारा आणे मोनो, चार आणे स्टिरिओ."

"बैल घेऊन राहिला का, शेठ?"

"मंडई हातची गेली तर पुन्हा येणार नाही, भाऊ!"

त्याने हातातली वायर गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तिथं नको. दुसऱ्या कोणत्याबी गावात लाव. तिथं नको." का ते सांगेना. ते गाव त्याची सासुरवाडी, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, सासरच्यांसमोर मिरवायचं असेल. माझं डोकं फिरलं. मंडईच्या दिवशी हात वर करून तो खांबाकडून परत यायच्या आत मी नखाने दोन पट्ट्या काढल्या आणि ती दोन बटनं टोकाला फिरवली.

त्या मांडवात मधोमध दोरी. स्टेजकडे तोंड केलं की डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पुढे मधोमध एक सोफा, त्यावर अध्यक्ष आणि त्यांची पाहुणे मंडळी. दंडार सुरू झाली. लुगडं नेसलेलं सोंग डाव्या माईकवर प्रश्न विचारायचं, त्याचा नवरा उजव्या माईकवर उत्तर द्यायचा. अध्यक्ष खूश. "वा! बाई इकडून बोलते, बुवा तिकडून!" असं म्हणत त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मी पण दाखवला.

मग माझ्या ध्यानात आलं की हसणारा फक्त सोफा आहे.

पुरुषांना नुसते प्रश्न ऐकू येत होते आणि बायकांना नुसती उत्तरं. पुरुषांतला एक जण ओरडला, "अबे, तो काही बोलते का नाई?" बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "याले विचारलं कोणं? उगाच बडबडून राहिला."

मी दुधरामभाऊकडे वळलो, तर खुर्ची रिकामी. भर कार्यक्रमात ऑपरेटर माझ्या बटनांना हातही न लावता उठून गेला होता. बघतो तर तो दोरीखालून वाकून बायकांच्या बाजूला शिरलेला, भर गर्दीतून माफी मागत मागत पार शेवटच्या खांबाशी गेलेला. तिथे त्याची बायको बसली होती, सुमनवहिनी. माहेरची मंडई, ती दरवर्षी यायची. सासरहून येऊन आधी चुलीवरचं आटपायची, म्हणून उशिरा पोचायची आणि मिळेल ती शेवटची जागा धरायची. दुधरामभाऊ तिच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला, तिच्या कानाला तोंड लावलं आणि स्टेजवरचा एकेक प्रश्न तिला सांगू लागला. तो आता लुगड्यातल्या सोंगासारखे हातवारेही करत होता. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. शेजारच्या बाया म्हणाल्या, "जवाईबापू, जरा मोठ्यानं सांगा, आमालेबी ऐकू द्या!"

डावीकडची बाई काही बोलली की वहिनी अख्खी मान वळवून उजवा कान पुढे करायची. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत तो माझ्याशी आवाजाबद्दल पोटभर बोलला, हे मात्र कधी बोलला नाही. मांडवभर डाव्या कानात बोट घालून तो कोणाच्या कानाने ऐकत होता, ते मला त्या दिवशी समजलं.

मी दोन्ही बटनं मध्ये आणली. क्षणभराने मांडव दोन्हीकडून हसला. अध्यक्ष मागे वळून म्हणाले, "आवाज चपटा झाला, भगवानभाऊ." पुढच्या वर्षी मंडई त्यांनी मलाच दिली, पण स्टिरिओ नाही या सबबीवर भाव पाडला. हे मी विसरलेलो नाही.

यंदा त्याच मांडवात गेलो. वहिनीचे गुडघे धरले आहेत, ती आता कारध्याहून हलत नाही. मनात म्हटलं, आज तरी लवकर सुरू होईल. दुधरामभाऊने डाव्या कानात बोट घातलं आणि चालायला लागला.

"भाऊ, वहिनी तर घरी आहे!"

"हाव, घरीच आहे."

"मंग तिकडं कायले जाता?"

तो थांबला. शेवटच्या खांबाकडे बघत म्हणाला, "तिथं आता दुसरी कोणी बसन ना, भगवान."

आणि गेला. खांबाशी उकिडवा बसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. हात काही वर होईना. इकडे स्टेजवर माईकसमोर बडबडायला मीच उभा होतो, आणि अध्यक्ष सोफ्यावरून घड्याळ दाखवायला लागले. "भगवानभाऊ, पाहुणे खोळंबले. करा ना सुरू."

"थांबा," मी म्हणालो.

"अहो, पण कोणासाठी?"

"थांबा म्हटलं ना!"

माझा आवाज जरा चढला. माईक चालूच होता. दोरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच ऐकू गेला.