डोळे दिसतेत का?

गॉगलच्या दुकानात माणूस आरशासमोर उभा राहतो आणि विचारतो, "मी कसा दिसतो?" लिंबाजी आरशाकडं पाठ करतो, नाकाला नाक लागेल इतका दुकानदारापुढं वाकतो आणि विचारतो, "माझे डोळे दिसतेत का?"

दुकानदार खूश होऊन म्हणतो, "अजिबात नाही!"

"मग नको." लिंबाजी गॉगल काढून त्याच्या हातात देतो.

हा लिंबाजी माझ्या पिकअपचा ड्रायव्हर. मी चौसाळ्याचा, शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. एका शेळीवर धंदा सुरू केला, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि हेही सांगतो, की लिंबाजीची तारीफ करायला मी बसलेलो नाही. इथून दिंद्रूडपर्यंत माझ्या नावानं बोंब झाली आहे, की हा मालक इतका चिकट, ड्रायव्हरला साधा गॉगल घेऊन देत नाही. त्याच्यासाठी मी काय काय केलं ते ऐका, मग बोला.

आमचा रस्ताच वाईट. सकाळी माल आणायला दिंद्रूडच्या बाजूला निघालो, की सूर्य समोर. संध्याकाळी माल भरून परत फिरलो, की तोच सूर्य पुन्हा समोर, तोही मावळतीचा, काचेवरच्या ऊन अडवायच्या पडदीखालून थेट बुबुळात घुसणारा. लिंबाजी डोळे बारीक करून गाडी हाकतो. त्यापायी डोळ्यांच्या कोपऱ्यात इतक्या सुरकुत्या पडल्यात, की रडत असला तरी हसतोय असं वाटावं. टोपी दिली, तर म्हणाला, "टोपीची सावली डोळ्यावर येती." अरे, टोपी असतेच कशाला?

माझं उलट आहे. मला डोळे झाकायलाच गॉगल लागतो. जनावराचा सौदा हा डोळ्यांचा खेळ आहे. शेळी मनात भरली की डोळा मोठा होतो, आणि विकणारा शेळीकडं बघतच नाही, तुमच्या डोळ्याकडं बघतो. म्हणून मी भर सावलीतसुद्धा काळाकुट्ट गॉगल लावतो आणि तोंडानं म्हणतो, "कसली हाडकुळी आहे ही!" तसलाच एक मी पहिल्यांदा लिंबाजीला दिला.

त्यानं लावला, उतरवला. "मनाला बसत न्हाई."

"मनाला? नाकाला बसतो का ते सांग!"

"शेठ, तुमच्या धंद्याला डोळे झाकावे लागतेत. माझ्या धंद्याला न्हाई."

असं तोंडावर बोलतो. दुसरा कुणी असता तर तिथंच हिशोब करून मोकळा केला असता. पण गाभण शेळी पाठीमागं असली, की हा माणूस खड्ड्यातून गाडी अशी काढतो, जणू डोक्यावर दुधाची घागर आहे. म्हणून गिळलं.

मग दुसरा आणला, आरशासारखा चमकणारा. तो त्यानं माझ्या आग्रहाखातर अर्धा दिवस घातला. माल उतरवताना एका बोकडाला त्या काचेत दुसरा बोकड दिसला. बोकड दोन पावलं मागं सरला आणि मान खाली घालून आला. लिंबाजी खाली, गॉगल गोठ्यापलीकडं. धूळ झटकत उठला आणि मला म्हणतो, "बघा. ह्याला बी माझे डोळे दिसले न्हाईत."

लिंबाजी स्वतःही शोध घ्यायचा, हे कबूल करतो. कपिलधारच्या फाट्यावर चहाला थांबलो, की धबधबा बघायला आलेल्या पोरांकडं जायचा. "पाव्हणं, जरा चष्मा द्या." पोरं घाबरून द्यायची. हा घालायचा आणि त्यांच्यापुढं भुवया नाचवायचा. "डोळे दिसतेत का? म्या आता काय म्हनलो?" पोरं म्हणायची, "काका, तुम्ही काहीच नाही म्हणालात." "मग नको." पोरं माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं बघायचो.

शेवटी मी बीडहून भारीतला आणला. उन्हात आपोआप काळा होतो, सावलीत आपोआप पांढरा. लिंबाजीनं गाडीत बसून लावला आणि खुलला. "येकदम भारी! डोळे दिसतेत!" दिसणारच. पुढच्या काचेतून ऊन गाळून येतं, त्याला हा चष्मा भुलतच नाही. गाडीत पांढरा तो पांढराच. हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

त्याच आठवड्यात, मावळतीला, रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनच्या राशीत आमची गाडी घुसली. राशीमागं एक म्हातारी बसलेली होती, हातभर अंतरावर. ती वाचली म्हणून हे लिहितोय. उठली आणि लिंबाजीला सोडून माझ्यावर धावली.

"चिंगूस मेला! डायव्हरला येक गॉगल घिऊन देता येईना व्हय रं?"

"अहो, आहे की नाकावर!"

"त्यो वाचायचा हाय!"

तेवढ्यात लिंबाजी हात जोडत खाली उतरला, उन्हात आला, आणि तिच्या डोळ्यांदेखत चष्मा काळा काळा होत गेला. म्हातारी बघतच राहिली. मग म्हणाली, "आता कसा काळा झाला? मघाशी झोपला व्हता का?"

ही गोष्ट बाजारात माझ्याआधी पोचली. ज्यांच्या जनावराला मी कधी चांगलं म्हटलं नाही, ते सगळे माझा गॉगल बघून विचारू लागले, "शेठ, जागा हाय का झोपलाय?"

मी लिंबाजीला बजावलं. "आज सोयाबीन होतं, उद्या माणूस असेल. आठवड्याच्या आत काळा गॉगल लाव, नाहीतर किल्ली ठेव."

"किल्ली ठिवतो. काळा लावणार न्हाई."

"का पण?"

"ते माझं मी बघतो."

त्याचं घर या स्टेअरिंगवर चालतं, हे मलाही माहीत, त्यालाही. त्याची बायको कौसा आमच्याच गाडीवर असते. मेंढपाळाची लेक. पाठीमागं जनावरांत बसते, करडं-कोकरं चेंगरू देत नाही. कितीतरी वर्षांमागं तापात तिचे कान गेले, तेव्हापासून तिला काही ऐकू येत नाही, आणि स्वतः बोलते ते सगळं ओरडून. किल्ली ठेवली तर दोघांचंही काम जाणार. तरी हा ताठ.

मुदतीतला शेवटच्या आधीचा दिवस. आम्ही दिंद्रूडकडून भरल्या गाडीनं येत होतो, ऊन समोर, आणि आमचं पुन्हा जुंपलं. मी ओरडलो, "गाडी थांबव. मला तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही!" उतरलो आणि पाठीमागं जनावरांत जाऊन बसलो. मालक असून. एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, माझ्या सदऱ्याची बाही चघळायला लागली.

तोंड बघायचं नव्हतं. डोळे दिसले.

केबिनला पाठीमागं छोटी काच आहे. कौसा तिला टेकून बसली होती. तिथून आत बघितलं की वरचा आरसा दिसतो, आणि त्या आरशात लिंबाजीचं बाकी काही दिसत नाही, नुसते डोळे. हा सारखा आरशात बघतो, ते मला माहीत होतं. मला वाटायचं, मिशा बघतो.

"धरा! खड्डा!" कौसा ओरडली. मी धरलं. मग खड्डा आला.

तिला आधी कसं कळलं? तिनं बोटानं आरसा दाखवला. डोळे दोनदा मिटले: खड्डा. डावी भुवई वर: डावं वळण. मग डोळे मोठे झाले, गरागरा फिरले, आणि कौसा पदरात तोंड घालून हसायला लागली.

"काय म्हणतो?" मी हातवारे करून विचारलं.

"म्हनतेत, शेठ लई तापलेत. पाटीला म्हनावं बाही सोड, भाजंल."

शेळ्यांदेखत माझी चेष्टा! मी संतापलो होतो, पण ऐकवणार कुणाला? एकाला काचेपलीकडं ऐकू येत नव्हतं, दुसरीला अलीकडं.

पुढं बराच वेळ ती आरशाकडं बघत होती. मग आपणहून बोलली, तिच्या त्या भल्या मोठ्या आवाजात. "कान गेल्यापून समदे माझ्यावर वरडतेत, शेठ. मला आईकू येत न्हाई, पर तोंडं दिसतेत ना वरडताना. हे येकटेच वरडत न्हाईत."

चौसाळा येईपर्यंत मी पाठीमागंच बसलो. बाही गेली ती गेली.

दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घातलं आणि बीडला नेलं. मुदत मुदतच. म्हातारीची रास मी विसरलो नव्हतो. दुकानात शिरलो आणि कौसाला स्टुलावर बसवलं. निवड म्हणून खूण केली.

दुकानदार पोरगा म्हणाला, "काका, मावशींना नाही, ह्यांना घालायचाय ना?"

"तू गप बे. बघणार ती आहे."

लिंबाजीनं पहिला लावला, काचेमागं डोळ्यांनी काहीतरी बोलला. "न्हाईऽऽ!" कौसा इतक्या जोरात ओरडली, की पोराच्या हातातली डबी पडली. दुसरा. "न्हाईऽऽ!" निळा, हिरवा, धुरकट. फुटपाथवर बघे जमले. मग पोरानं एक फिकट तपकिरी काढला, रस्त्यावरची चकाकी मोडणारा. मी लिंबाजीला दुकानाबाहेर काढलं, उन्हाकडं तोंड करून उभं केलं. "चकाकतं का?"

"न्हाई. डांबर डांबरासारकं दिसतंय."

"खरं सांग. तुझ्या मनाचं नको."

"खरं, शेठ. त्या म्हातारीची शप्पत."

मग तो आत आला आणि कौसाकडं वळला. या खेपेला भुवया नाचल्या नाहीत, बुबुळं फिरली नाहीत. तो नुसता बघत होता, सावकाश, आणि ती वाचत होती.

"चला, कायतरीच तुमचं," कौसा म्हणाली. इतकी हळू, की मला कसंबसं ऐकू आलं. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग पदर नीट केला आणि म्हणाली, "ह्योच घ्या."

मी लिंबाजीला विचारलं, "काय म्हणालास रे तिला?"

"ते तुमच्यासाठी न्हवतं, शेठ."

पोरानं किंमत सांगितली. माझा काळा गॉगल मी दुकानात शिरल्यापासून उतरवला नव्हता आणि तेव्हा तर उतरवणारच नव्हतो. पोरगा त्या दोन काळ्या काचांकडं बघत राहिला, चुळबुळला आणि मी तोंड उघडायच्या आत आपणहून खाली आला.

मी घसा खाकरला. आवाज नीट झाल्याची खात्री केली.

"अजून खाली ये," म्हणालो.