सातव्या माळेचं धान

आमच्या शेजारचे देगलूरकर सर माणूस दिसला की आधी त्याची खालची पापणी ओढून आत लाली किती आहे ते बघतात. नमस्कार नंतर. अख्खी गल्ली त्यांनी अशी तपासली आहे. पोस्टमन तर आता स्वतःच पापणी ओढून दारात उभा राहतो.

सरांचा विषय पोर्फिरिन. म्हणजे अणूंचं एक इवलंसं कडं. "मधी लोखंड बसलं की तुमचं रक्त, मॅग्नेशियम बसलं की पालक. बाकी तुमच्यात अन् पालकात फरक न्हाई, बापूराव." माझ्या बायकोला हे संशोधन फार पटलं आहे.

तीस वर्षं सर अंधारात रोपं वाढवतात, त्यांना वाढीचं संप्रेरक पाजतात आणि उजेडात आणल्यावर ती किती वेळात हिरवी होतात ते मोजतात. त्यापायी घरातली सगळ्यात मोठी खोली कायमची काळोखी. काकूंनी एकदा झाडून काढायला तिचं दार उघडलं, तर सरांनी दोन दिवस सुतक पाळलं. आकडा मात्र येईल तसाच लिहायचा. एका विद्यार्थ्यानं पॉइंट दोनचा पॉइंट तीन केला. सरांनी त्याला असा झापला की तो आता विमा विकतो.

यंदा नवरात्रात काकू लातूरला, लेकीकडे. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन तिथंच आठव्या माळेला ठरलेलं. नांदेडच्या घरातले घट आले सरांच्या गळ्यात. काकूंनी जाताना बजावलं होतं, धान नीट उगवलं तरच ऑपरेशनच्या टेबलावर जाईन, नाहीतर देवीची मर्जी न्हाई असं समजीन.

आता सर. जंतू नकोत म्हणून त्यांनी घटाची काळी माती कुकरला लावली, चार शिट्ट्या. देवीच्या मातीची खिचडी करणारा हा पहिलाच भक्त. वर पाणी ड्रॉपरनं, थेंब मोजून. चौथ्या माळेला गहू नखाएवढा. व्हिडिओ कॉलवर काकूंनी घट दाखवा म्हटलं की सर नेटवर्कला शिव्या द्यायचे.

सातव्या माळेला सकाळी मी डोकावलो, तर धान चांगलं वीतभर, डुलत होतं.

"सर, माहूरची देवी पावली, का कपाटातली संप्रेरकाची बाटली?"

सरांनी आधी दार लोटलं. "तीन दिवस फवारून राहिलो. हा आकडा खोटा हाय, बापूराव. कुणाला बोलू नका."

तेवढ्यात लातूरचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी फोन घटासमोर धरला. काकूंनी चष्मा लावून धान पाहिलं.

"छान आलंय हो," त्या म्हणाल्या. "जाते मी उद्या. तुम्ही जेवलात का?"

सरांनी मान हलवली. कॅमेरा घटाकडे, ती काकूंना दिसली नसणार. पलीकडून लेकीनं फोन बंद केला.

सर तसेच घटासमोर फोन धरून. फोन कटला म्हणून मी सांगणार होतो, पण ते हात जरा पुढे नेऊन हळूच म्हणाले, "आता इकडून बघ. ह्या अंगाला जास्त आलंय."

फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता.