एकतिसाव्या फेरीचा धूर

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत एक ज्येष्ठ इंजिन अभियंता होते, आणि त्यांच्या इंजिनात कधीही बिघाड होत नसे. हे प्रकरण गंभीर आहे, असं वार्षिक मूल्यमापनात प्रथम लक्षात आलं.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या मूल्यमापनाच्या नव्या तक्त्यात महत्त्वाचा रकाना एकच: 'वर्षभरात निवारण केलेले बिघाड'. अभियंत्यांच्या नावापुढे सलग दुसऱ्या वर्षी शून्य पडलं होतं. तिसऱ्या शून्याला कर्मचारी आपोआप 'अतिरिक्त' ठरे. बावीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाची तब्येत सांगणाऱ्या या माणसाला दुसरं काहीही येत नव्हतं.

"म्हणजे वर्षभर तुम्ही केलंत काय?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"इंजिन नीट जोडलं, साहेब."

"बरं. मग?"

"मग ते नीट चाललं."

"तेच म्हणतोय मी. तेव्हापासून तुम्ही रिकामेच."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे भडका म्हणत. त्याचं इंजिन दर शर्यतीत पेटे. मग तो बाह्या सरसावून धावे, काळ्या हातांनी कपाळ पुसे आणि कंपनीच्या मासिकात मुखपृष्ठावर झळके. तीन वर्षांत त्याला दोन बढत्या मिळाल्या होत्या. आमच्या अभियंत्यांना मात्र तो थंडोबा म्हणे, आणि पुढे पुढे सगळेच म्हणू लागले.

थंडोबांनी आधी सरळ मार्ग धरला. 'घडू न दिलेले बिघाड' अशी दोनशे बारा नोंदींची यादी करून त्यांनी समितीला सादर केली. समितीने ती तत्परतेने परत पाठवली. प्रत्येक न घडलेल्या बिघाडाचं छायाचित्र आणि तुटलेल्या भागाचा नमुना सोबत जोडणं आवश्यक होतं.

"अरे थंडोबा, कागद कसले रंगवतोस?" भडका म्हणाला. "एक वॉशर पातळ घाल. गरम पायपावर चार थेंब तेल गळू दे. धूर झाला की धावत सुट. कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही."

थंडोबांना रात्रभर पटलं नाही. सकाळी बायकोला सांगितलं, तर ती डबा भरता भरता म्हणाली, "अहो, बावीस वर्षं चांगलं काम केलंत, कुणी चहालासुद्धा विचारलं नाही. एकदा वाईट करून तर बघा. तेही तुम्हाला जमेलच असं नाही म्हणा."

हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं.

अकरा दिवस त्यांनी त्या वॉशरवर काढले. जाडी, उष्णता, तेलाचा दाब, सगळं गणित मांडलं. हयगय करायची तीही चोख, कारण हयगयीत हयगय करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पुढच्या शर्यतीत बरोबर एकतिसाव्या फेरीला, सहाव्या वळणावर गाडीने पांढराशुभ्र धूर सोडला. थंडोबा धावले, दीड मिनिटात वॉशर बदलला, गाडी पाचवी आली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विभागप्रमुखांनी मिठी मारली आणि स्वतःचा शर्ट खराब करून घेतला.

त्यानंतर प्रत्येक शर्यतीत तेच. तिसाव्या फेरीला नाही, बत्तिसाव्या फेरीला नाही. भडक्याच्या आगीचा काही नेम नसे. थंडोबांच्या धुरावर घड्याळ लावावं. कंपनीने त्याला 'विश्वासार्ह बिघाड' असं नाव दिलं आणि थंडोबांना मुख्य अभियंता केलं. भडका आता त्यांच्या हाताखाली शिकायला आला.

सहाव्या वळणावरच्या जागा सगळ्यात आधी भरू लागल्या. अठ्ठाविसाव्या फेरीपासून लोक मोठ्याने आकडे म्हणत, पोरांना खांद्यावर घेत.

पण हंगामाच्या शेवटच्या शर्यतीआधी इंजिन जोडताना थंडोबांचा हात अडला. पातळ वॉशर त्यांनी खिशात टाकला आणि चांगला बसवला. सवय, दुसरं काय. गाडी अख्खी एक फेरी राखून पहिली आली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. "अपेक्षित बिघाड झाला नाही," प्रमुखांनी वाचून दाखवलं. "कंपनीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बिघाड आहे. याचं निवारण कोण करणार?"

"मीच करतो, साहेब," थंडोबा म्हणाले. त्यांनी खिशातला वॉशर काढून टेबलावर ठेवला. बिघाडाची नोंद झाली, निवारणाचीही झाली, आणि त्या वर्षीचं सर्वोच्च मूल्यमापन त्यांच्या नावावर लागलं. खुर्ची शाबूत राहिली.

चौकशी ज्या तक्रारअर्जावरून बसली, तो त्यांनी फाइलमध्ये नीट लावून ठेवला आहे. 'आम्ही धूर पाहायला आलो होतो, आमची घोर निराशा झाली,' एवढाच मजकूर आणि खाली चार हजार सह्या. त्या दिवशी कोण जिंकलं, हे सही करणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही. वरून सातवी सही तुमची आहे. फार घाईत केलेली दिसते, पण ओळखू येते.