तीन रेघा मागे

काट्यावर कुणीही उभं नव्हतं, तरी सुई शून्याच्या तीन रेघा मागे होती. एक रेघ म्हणजे एक किलो. फरशी सपाट होती, काटा जागचा हललेला नव्हता. बाळाची आई बाथरूमच्या दारात उकिडवी बसून त्या तीन रेघांकडे बघत राहिली आणि तिची कानशिलं तापली. गेली नऊ वर्षं ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिच्या शिक्क्याशिवाय दुकानाचा काटा दुकानात जात नसे. आणि घरातल्या काट्याचं शून्य तिने तीन आठवडे बघितलं नव्हतं. ते बघायला आत्ता फोनवरून डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं होतं.

खरं तर बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साधंच सांगितलं होतं. अंगावर पाजताय तोवर पोटभर जेवा, रोज अर्धा तास चाला, घाई करू नका; आठवड्याला पाव-अर्धा किलो पुष्कळ झालं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला.

“दर रविवारी सकाळी आठला वजन. आकडा मी वाचणार. तू समोर बघायचं, खाली वाकायचं नाही.”

“आणि चालायला कधी जाऊ? बाळाला कोण घेईल?”

“ते बघू गं. आधी आलेख तर सुरू होऊ दे.”

तिने वाद घातला नाही. काट्यावर उभ्या उभ्या डोळे मिटायला मिळत, तेवढीच विश्रांती.

पहिल्याच आठवड्यात सव्वा किलो घट निघाली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “आठवड्यात सव्वा किलो? अशानं दूध आटेल तिचं!” दुपारपासून ताटात लोण्याचे गोळे पडू लागले. ती नको म्हणाली की सासूबाई म्हणत, “तुझ्यासाठी कोण देतंय? बाळासाठी आहे ते.”

पुढच्या रविवारी पावणेदोन किलो वाढ. आता खालच्या मजल्यावरून नणंद आली. ती व्यायामशाळेत शिकवायची आणि माणसाकडे आधी कमरेपासून बघायची. “वहिनी, हे लोण्याचं काम. आजपासून दोन्ही वेळा नुसतं सूप.”

“मला भूक लागते.”

“लागणारच. त्याचंच नाव तर शिस्त.”

गुरुवारी दुपारी बाळाला उचलून घेताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बाळासकट भिंतीला टेकून खाली बसली. बाळाला काही झालं नाही, ते हसलंसुद्धा. तिने मात्र घाबरून त्याला घट्ट धरून ठेवलं. संध्याकाळी तिने सुपाचा वाडगा बाजूला सारला आणि भात वाढून घेतला. तिघांचे डोळे आधी ताटाकडे आणि मग फ्रिजकडे गेले.

आणि आज, तिसऱ्या रविवारी, साडेचार किलो घट. नवऱ्याचा चेहरा उतरला, सासूबाई रडायच्या बेतात आल्या, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लागला.

“साडेचार किलो? एका आठवड्यात?” पलीकडून आवाज आला. “काट्यावर कुणी नसताना किती दाखवतो, ते आधी बघा.”

ती बाथरूमच्या दारातून उठली. “तिघंही इकडे या. काट्याखालचं शून्य जुळवायचं चाक कुणी फिरवलं?”

नवरा खाकरला. “पहिल्या आठवड्यात मी. एकच किलो मागे. तुला हुरूप यावा म्हणून.”

“मी दोन पुढे केला,” सासूबाई म्हणाल्या. “एवढं करून घालते मी, ते अंगी लागतंय हे दिसायला नको?”

“अगं आई!”

“ओरडतोस काय? तू केलंस ते प्रेम, आणि मी केलं ते काय?”

“पुढे?” बाळाच्या आईने विचारलं.

“तू गुरुवारी घाबरलीस ना,” नवरा पुटपुटला. “बरं वाटावं म्हणून मी काल तीन मागे केला. हे जरा जास्तच झालं.”

“उणे एक, अधिक दोन, उणे तीन. बेरीज उणे दोन. सुई उणे तीनवर आहे.” तिने मान वळवली. “एक किलो राहिला.”

नणंद छताकडे बघत होती. “मी आपलं काल रात्री माझं बघत होते,” ती म्हणाली. “क्लासमधल्या बायका विचारतात मला माझा आकडा. खोटं कसं सांगू?”

बाळाच्या आईने फ्रिजवरचा आलेख काढला, उलटा केला आणि मागे पेन्सिलीने बेरीज मांडली. तिघांनी मिळून काट्याला सात किलो पुढे-मागे नाचवलं होतं. त्याच तीन आठवड्यांत तिला अर्धा तास बाळ कुणाच्या हातात देता आलं नव्हतं, कारण सगळे तिच्या वजनात गुंतले होते.

तिने कपाटाखालून बूट ओढले. कित्येक महिन्यांची धूळ झटकली, नाड्या बांधल्या.

“थांब गं, चाक शून्यावर आणतो,” नवरा काट्यापाशी वाकत म्हणाला. “पुन्हा एकदा उभी राहा, म्हणजे खरा आकडा—”

तिने पाळण्यातलं बाळ उचलून त्याच्या हातात दिलं. दुपटं सासूबाईंच्या खांद्यावर टाकलं आणि रिकामा सुपाचा वाडगा नणंदेच्या हातात ठेवला.

“मी चालायला जातेय,” ती म्हणाली. “एकटी. आजपासून रोज.”