झिपरूअण्णांचा कॉम्प्युटर आणि चौथी पाहुणी

एका जंगलात पाणवठा एकच होता, बाळांनो, आणि तहान मात्र सगळ्यांना लागायची. म्हणून झिपरूअण्णा अस्वलाकडे एक कॉम्प्युटर ठेवला होता. रोज कोणी कधी पाणी प्यायचं, ते त्यात लिहिलेलं असे. सशांची वेळ वेगळी, वाघोबाची वेगळी. त्यामुळे ससे जिवंत होते.

एक दिवस टिकोजी माकड म्हणालं, "अण्णा, कॉम्प्युटर चालवायला एकच सिस्टिम? पलीकडच्या जंगलात कोल्ह्याकडे तीन आहेत!"

अण्णांना लाज वाटली. त्यांनी डिस्कची वाटणी करून खोल्या पाडल्या आणि दुसरी सिस्टिम आणली. मग तिसरी. सगळ्या एकाच आजोबांच्या नाती. बोलणं तेच, हुकूम तेच, पण एकीचा प्रोग्रॅमचा डबा दुसरीला उघडत नसे.

प्रत्येकीने येताना आपला रखवालदार आणला. कॉम्प्युटर सुरू केला की तो दारातच विचारायचा, "कोणाकडे जायचंय?" दुसरीचा रखवालदार बरा होता. पहिलीला ओळखायचा. तिसरीचा म्हणाला, "इथे आमच्याशिवाय कोणी राहत नाही."

आणि पाळ्यांची यादी तर पहिलीच्या खोलीत.

तेवढ्यात कापशी सशीण चार पिलं घेऊन आली. "अण्णा, आज आमची वेळ कोणती? पोरांच्या जिभा सुकल्या हो."

"बस, माय. चौथी टाकतो. तिचा रखवालदार सगळ्यांना ओळखतो म्हणे."

चौथीने आत येताच नम्रपणे विचारलं, "सगळी जागा घेऊ का?"

आता त्या जंगलात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. अण्णा म्हणाले, "घ्या की! घर आपलंच समजा."

तिने आपलं समजून झाडून काढलं. आधीच्या तिघी गेल्या. यादीही गेली.

इतक्यात झाडीतून वाघोबा आला. "माझी वेळ काय रे?"

कापशीने पिलं पोटाखाली घेतली. अण्णांनी रडत रडत सगळं सांगितलं. वाघोबाने पडद्याकडे पाहिलं. कापशीकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"चुकलंच तुझं," तो म्हणाला. "आधी तिसरी टाकायला हवी होती."

"छे, छे! आधी दुसरी!" टिकोजी ओरडलं.

"तुला काय कळतंय, शेपट्या?" म्हणत वाघोबा खाली बसला. मग लांडगा आला, तरस आलं. त्यांचीही मतं आली.

कापशी हळूच उठली. पाणवठ्यावर चिटपाखरू नव्हतं. पिलं पोट टम्म होईस्तोवर प्यायली.

परतताना ती अण्णांच्या कानाशी थांबली. "अण्णा, पाचवी कधी टाकताय?"

तात्पर्य: चालत्या गाड्याला खीळ घालू नये, असं शहाणे सांगतात. पण गाड्याभोवती वाघ येऊन बसणार असेल, तर जरूर घालावी.