बिबट्याचा पिंजरा आणि मसाला वेफर्स

लोहगडवाडीतल्या आपल्या टपरीवर हनुमंताने तिसऱ्यांदा माकडांवर आळ घेतला, तेव्हा त्याच्या बायकोचा, रेणुकाचा, संयम सुटला.

"परवा वेफर्सची आठ पाकिटं, काल अकरा, आज धा! आन माकडं मोकळी पाकिटं घडी घालून फळीमागं ठिवत्यात व्हय?"

"गडावरची माकडं लय हुशार हायत," मिशीवरचा लाल मसाला पुसत हनुमंत म्हणाला.

या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न वडगावच्या डॉक्टरांनाही पडला होता. रक्तदाबापायी हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. "पाकिटातलं खारट बंद करा. सोमवारी बीपी खाली आलं नाही तर मी तारीख देणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. हनुमंताला पाण्याचा हंडासुद्धा उचलवत नव्हता. तो रेणुका उचलायची. आणि हा गृहस्थ ट्रेकरांसाठी आणलेला माल स्वतःच फस्त करत होता! बरं, भूक म्हणावी, तर तिसरी भाकरी वाढताना हा ताटावर हात आडवा धरायचा. पाकिटापुढे मात्र तो हात कधी आडवा झाला नाही. एक फोडलं की तळ लागेपर्यंत बोटं थांबत नसत, आणि तळ लागला की तीच बोटं दुसरं फोडायला निघत.

रेणुकाने सरळ वन खात्यात फोन लावला. आता माकडं निर्दोष आहेत हे हनुमंताने सांगायचं कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी वनरक्षक सुहास टेम्पोतून भलामोठा लोखंडी पिंजरा घेऊन आला.

"मावशी, माकडांचा पिंजरा दुसऱ्या गावात अडकलाय. हा बिबट्याचा आहे, चालवून घ्या. आत आमिष काय ठेवू?"

"मसाला वेफर्स," रेणुका म्हणाली. "चार पाकिटं. मोटी."

बाकीचा सगळा माल तिने ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि हंडा घेऊन ती पाण्याला गेली. सुहास चहा प्यायला शेजारच्या टपरीवर टेकला.

हनुमंत एकटा उरला. दहा मिनिटं त्याने पिंजऱ्याकडे पाठ फिरवून काढली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग त्याला वाटलं, माकडांना तीन पाकिटं पुष्कळ झाली. तो वाकून आत शिरला, पाकीट उचललं आणि मागे धाडकन दार पडलं.

ओरडावं तर लोक जमणार. काय करावं याचा विचार करता करता त्याने एक पाकीट संपवलं, मग दुसरं. तेवढ्यात पुण्याचे ट्रेकर आले आणि त्यांनी फोन बाहेर काढले. छपरावरून एक माकड उतरलं, गजांतून हात घालून तिसरं पाकीट घेऊन गेलं. या प्रकरणातला माकडाचा हा पहिलाच गुन्हा.

गलका ऐकून सुहास धावला. पाठोपाठ रेणुका आली, डोक्यावर हंडा तसाच.

"हे काय?"

"माकड आलंय का बगायला गेलतो."

"मग, घावलं का?"

ट्रेकर हसले. रेणुका हसली नाही. तिने हंडा खाली ठेवला, तिचे डोळे भरून आले.

"हंडं उचलायचं काय न्हाई वं. पन तुमाला काय झालं, तर मी वरडायचं कुनावर?"

हनुमंताच्या हातात चौथं पाकीट होतं. त्याने ते खाली ठेवलं. इतक्या वर्षांत न फोडता ठेवलेलं ते पहिलं पाकीट.

सुहासने दार उचललं. "पिंजरा नेऊ ना मावशी?"

"सोमवारपतुर ऱ्हाऊ दे," रेणुका म्हणाली आणि ट्रंकेतला माल काढायला लागली.

सोमवारी डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं आणि लगेच ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

"कमाल केलीत! जमवलंत कसं?"

"माल समदा पिंजऱ्यात, मधोमध. कुलपाची चावी हिच्या कमरंला. दोगं भाईर बसून नुसतं बगत ऱ्हातो."

"दोघं म्हणजे तुम्ही आणि मावशी?"

"न्हाई," हनुमंत खाली बघत म्हणाला. "मी आन त्ये माकड."